‘समजलं ना?’ विचारून थांबू नका

पत्र

आदरणीय मॅडम,

मला स्वतःचा दवाखाना सुरू करून दोन वर्षं झाली. गेल्या आठवड्यात पन्नाशीच्या एका गृहस्थांची खालची दाढ काढली. नंतर सगळ्या सूचना दिल्या: कापूस पाऊण तास दाबून धरा, आज चूळ भरू नका, थुंकू नका, सिगारेट ओढू नका, 24 तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू करा, गोळ्या वेळेवर घ्या. छापील कागदही हातात दिला. ‘समजलं ना?’ असं विचारलं, त्यांनी मान हलवली. तिसऱ्या दिवशी गाल धरून परत आले. ड्राय सॉकेट झालं होतं, म्हणजे दाढेच्या खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडलं होतं. विचारलं तर म्हणाले, ‘तुम्हीच तर गुळण्या करायला सांगितल्या. घरी गेल्यापासून तासातासाला करतोय.’ वर त्यांच्या मुलाने मला सुनावलं, की इथे कुणी धड काही सांगतच नाही.

मी सांगितलं होतं हो! त्या रात्री मला रडूच आलं. गृहस्थ अडाणी नाहीत, हिशेबनीस आहेत. आणि असं सारखं होतं. रूट कॅनालची एक बैठक झाली की माणसं गायब होतात. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून ब्रश करणंच सोडून देतात. एका रुग्णाला माझ्याकडे जेमतेम वीस मिनिटं असतात. आणखी किती सांगायचं? की लोकांना ऐकायचंच नसतं? येत्या शुक्रवारी ते गृहस्थ जखम दाखवायला येणार आहेत, त्यांच्याशी काय बोलावं तेही कळत नाही.

– एक दंतवैद्य

उत्तर

प्रिय डॉक्टर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा तुमच्या बाजूने आणि एकदा त्या गृहस्थांच्या बाजूने. यात खोटं कुणीच बोलत नाहीये. तुम्ही सांगितलंत हे खरं, आणि तुम्ही सांगितलेलंच त्यांनी केलं हेही खरं. फक्त सहा गोष्टींतली एकच त्यांच्यापर्यंत पोचली आणि तीही अर्धी. मनावरचं ओझं थोडं हलकं व्हावं म्हणून आधीच सांगते, ड्राय सॉकेट सगळं पाळूनही होऊ शकतं, खालच्या दाढांना तर जास्तच. तेव्हा सगळं खापर गुळण्यांवर फोडू नका. त्यांनाही दोष नको आणि स्वतःलाही नको. पण तुमचा प्रश्न एका दाढेपुरता नाही, आणि तो माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ती वेळ डोळ्यांपुढे आणा. अर्धा जबडा बधिर आहे, ओठ आपलाच वाटत नाहीये. हाडातून दाढ सुटतानाचा करकर आवाज अजून कानात आहे. जिभेला रक्ताची चव लागतेय. तुम्ही हातमोजे काढता काढता सूचना देताय आणि मदतनीस बाई ट्रे आवरतायत. आणि त्यांच्या तोंडात कापूस आहे! दात घट्ट मिटून धरा, पाऊण तास तोंड उघडू नका, असं तुम्हीच सांगितलंय. अशा माणसाला तुम्ही ‘समजलं ना?’ विचारलंत. मान हलवण्यापलीकडे तो करणार काय? शंका असती तरी विचारली कशी असती?

हे वाचून वाईट वाटून घेऊ नका. मीही कितीतरी वर्षं असंच केलं. आपल्याला शिकवतानाच सूचना शेवटी येतात: दात काढा, टाके घाला, कापूस ठेवा, सूचना द्या. त्या क्रमाने आपण त्या देतो. रुग्णाच्या दृष्टीने याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही.

तेव्हा पहिला बदल वेळेचा करा. इंजेक्शन देण्याआधी, खुर्ची सरळ असताना, त्यांच्या समोर त्यांच्याच उंचीवर बसून बोला. मास्क खाली घ्या, त्यांना तुमचे ओठ दिसू देत. वयस्कर माणसं निम्मं ओठांवरूनच ऐकतात. दात काढायचं आधल्या भेटीत ठरलं असेल तर तेव्हाच सांगा, आणि बरोबर येणाऱ्यालाही बोलवा. दाढ काढून झाल्यावर फक्त एकाच गोष्टीची आठवण करून द्यायची, सहाची नाही.

‘आणखी किती सांगायचं?’ असं तुम्ही विचारता. कमी सांगा. रॉय केसेल्स या डच संशोधकाने 2003 साली या विषयावरचे अभ्यास एकत्र मांडले. डॉक्टरांनी सांगितलेल्यातलं 40 ते 80 टक्के रुग्ण तिथल्या तिथे विसरतात, आणि जे आठवतंय असं वाटतं त्यातलंही जवळजवळ निम्मं चुकीचं असतं. सांगायचं जितकं जास्त, तितका नीट लक्षात राहणारा वाटा कमी. म्हणजे तुम्ही जीव तोडून सहा सूचना दिल्यात, त्यामुळेच त्यातली महत्त्वाची एक बुडाली.

आता तुमच्या त्या सहा सूचना पुन्हा बघा. चूळ भरू नका, थुंकू नका, सिगारेट नको. या सगळ्या ‘नको’च्या गोष्टी. घरी ठणका सुरू झाल्यावर माणसाला काहीतरी ‘करायचं’ असतं. कापूस आणि गोळ्या सोडल्या, तर तुमच्या यादीत करण्यासारखं आणि ओळखीचं एकच होतं, ते म्हणजे गुळण्या. तेच त्यांनी उचललं. ‘24 तासांनंतर’ हे शब्द वाटेतच गळाले. यात त्यांचा हट्टीपणा किंवा बेफिकिरी काहीच नाही. उलट हा मनापासून सूचना पाळणारा रुग्ण आहे. तासातासाला उठून गुळण्या करणं काही सोपं नसतं.

मी हल्ली दाढ काढण्याआधी सहा गोष्टी सांगत नाही, एकच सांगते: ‘दाढ निघेल तिथे खड्डा होईल. त्यात रक्ताची गुठळी धरेल. गुडघा फुटल्यावर खपली धरते ना, तशीच. खालच्या उघड्या हाडावर तेवढंच पांघरूण असतं. ते निघालं तर हाड उघडं पडतं आणि भयंकर ठणकतं. उद्या या वेळेपर्यंत ती खपली जपायची.’ एवढं कळलं की बाकीचं माणूस स्वतःच जुळवतो. मग मी विचारते, ‘कशाकशाने निघेल ती खपली, सांगा बरं?’ बहुतेक जण चूळ बरोबर सांगतात. काही जण जीभ लावून बघण्याचं सांगतात, ते माझ्या जुन्या यादीत नव्हतंच. सिगारेटचं मात्र मलाच सांगावं लागतं. गुळण्यांसाठी ‘24 तासांनंतर’ म्हणायचं सोडून दिलंय. ‘उद्या दुपारी जेवण झाल्यावर पहिली गुळणी, त्याआधी नाही’ असं म्हणते. घड्याळातल्या तासांचा हिशेब दुखणाऱ्या माणसाकडून होत नाही, जेवणाची वेळ त्याच्या ध्यानात राहते. आणि चूळ कशी तेही करून दाखवते: पाणी तोंडात घ्यायचं, मान हळूच इकडून तिकडे कलती करायची, खळखळ न करता नुसतं सोडून द्यायचं.

आता त्या ‘समजलं ना?’विषयी. हा प्रश्न नीट ऐका. त्या शेवटच्या ‘ना’मध्ये उत्तर आपणच घालून दिलेलं असतं. डॉक्टर उभे, रुग्ण आडवा, बाहेर चार जण ताटकळलेले, आणि आपण म्हणतो ‘समजलं ना?’ याला ‘नाही’ म्हणायला फार धीर लागतो. नाही समजलं म्हणणं म्हणजे आपण मठ्ठ ठरणं, नाहीतर डॉक्टरांनी नीट सांगितलं नाही असं तोंडावर म्हणणं. भल्या माणसाला दोन्ही जमत नाही. मग तो मान हलवतो.

त्याऐवजी परीक्षा स्वतःची लावून घ्या. मी असं म्हणते: ‘मी पुष्कळ बोलले, नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर विचारतील, काय म्हणाल्या डॉक्टर? तर तुम्ही काय सांगाल?’ मग गप्प बसायचं. हे गप्प बसणंच आपल्याला सगळ्यात जड जातं. ते अडखळतात, आपल्या तोंडात शब्द तयार असतात, तरी थांबायचं. चुकलं तर ‘नाही हो, असं नाही’ न म्हणता ‘हे मी बरोबर सांगितलं नाही, पुन्हा सांगते’ म्हणायचं आणि वेगळ्या शब्दांत सांगायचं. तेच वाक्य मोठ्या आवाजात नको. मग पुन्हा त्यांना सांगायला लावायचं. याला टीच-बॅक म्हणतात, वैद्यकाच्या इतर शाखांत ही पद्धत चांगली रुळलेली आहे. आपल्याकडे ती अजून हवी तेवढी आली नाही, कारण आपला रुग्ण बहुतेक वेळ तोंड उघडून असतो आणि आपण एकटेच बोलतो, असं मला वाटतं.

हे तुम्ही फक्त कमी शिकलेल्यांसाठी राखून ठेवाल अशी मला भीती वाटते, कारण ‘अडाणी नाहीत, हिशेबनीस आहेत’ असं तुम्ही लिहिलंय. शिक्षणाचा आणि दातांविषयीच्या समजुतीचा संबंध वाटतो तेवढा सरळ नाही. 2007 साली अमेरिकेत मौखिक आरोग्याच्या साक्षरतेची एक चाचणी तयार झाली, रिअल्ड-30 नावाची. दातांशी संबंधित 30 शब्द सोप्याकडून अवघडाकडे मोठ्याने वाचून दाखवायचे. चटकन होणारी चाचणी आहे, संशोधनात ती बरीच वापरली जाते. पण वाचता येणं आणि कळणं यांत अंतर राहतंच. माझ्याकडे एक प्राध्यापक येतात, ‘फ्लोराइड’ शब्द अगदी शुद्ध उच्चारतात. एकदा विचारलं, ते काय करतं? म्हणाले, दात पांढरे करतं. म्हणून ते ब्रश झाल्यावर तीन-चारदा खळखळून चुळा भरायचे आणि दाताला बळकटी देणारं तेच औषध धुऊन टाकायचे. फेस थुंकायचा, वर पाणी घ्यायचं नाही, हे त्यांना त्याआधी कुणी सांगितलंच नव्हतं, कारण ते प्राध्यापक होते! तेव्हा सगळ्यांना तेच विचारा, त्याच शब्दांत. म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याला एकट्याला वेगळं पाडल्यासारखं होत नाही. ‘चष्मा विसरलो’, ‘घरी जाऊन वाचतो’ असं कुणी म्हणालं की कागद पुढे सरकवू नका, तोंडी सांगा.

शब्दांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आपल्या भाषेत एक जुनी गोम आहे. आपण म्हणतो, दाताला ‘कीड’ लागली. एकदा एका आजींची दाढ साफ करून मी सिमेंट भरलं. उठताना त्यांनी विचारलं, ‘बाई, कीड काढलीस ना? दाखव की मला.’ मी हसून विषय बदलला, त्याची आजही खंत वाटते. त्यांनी शब्दाचा सरळ अर्थ घेतला होता. दाढेत किडा होता, डॉक्टरने तो काढला, आता काळजी मिटली. मग गोड खाणं कमी का करायचं? किडा तर गेला! त्यांना सांगायला हवं होतं की दातावर जंतूंचा चिकट थर बसतो, आपण गोड खाल्लं की तो थर साखरेचं आम्ल करतो, आणि ते आम्ल दाताचा कठीण भाग विरघळवतं. दर खाण्यानंतर थोडा वेळ हे चालतं, मग लाळ ते सावरते. म्हणून दिवसभर थोडं थोडं गोड चघळत राहिलं की लाळेला सावरायला वेळच मिळत नाही. शब्द ‘कीड’च वापरा, तो लोकांचा आहे, तो काढून घेऊ नका. पण त्यात किडा नसतो, हे दर वेळी सांगा.

तुमचे रूट कॅनालचे गायब होणारे रुग्णही शब्दांतच अडकलेले आहेत. आपण त्यांना म्हणतो, ‘नस काढायची.’ पहिल्या बैठकीत नस निघाली, ठणका थांबला. त्यांच्या हिशेबाने काम झालं. पुढच्या बैठका कशाला, हे त्या शब्दात कुठेच येत नाही. मी सुरुवातीलाच सांगते: ‘आज दुखणं थांबेल, पण दात बरा झालेला नसेल. आतली पोकळी साफ करून, भरून, वरून कायमची बंद करायची आहे. आज लावते ते झाकण तात्पुरतं आहे. ते झिजलं की जंतू परत आत शिरतील, आणि तेव्हा कदाचित दात काढावाच लागेल.’ आणि मग विचारते, ‘उद्या दुखणं थांबलं तर तुम्ही काय कराल?’ हा प्रश्न विचारायला लागल्यापासून माझे परतणारे रुग्ण वाढलेत. आकडा ठेवलेला नाही, पण मदतनीस बाईंच्या लक्षात आलंय.

रक्त येतं म्हणून ब्रश सोडणाऱ्यांच्या वागण्यातही तर्क आहे. शरीरावर कुठे खरचटलं तर आपण तिथे घासत नाही. मग हिरडीवर का घासायचं? ‘नीट ब्रश करा’ या तीन शब्दांनी हा तर्क हलत नाही. त्यांना पुढे काय होणार ते सांगावं लागतं. हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 साली निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. आपल्या रुग्णांचं दुखणं जुनं असतं, त्यांना याहून जास्त दिवस लागू शकतात, कीटण बसलेलं असेल तर ते आधी काढावंही लागतं. पण सांगण्याची रीत यातूनच मिळते: ‘पहिले काही दिवस रक्त येईल. घाबरून थांबू नका, मऊ ब्रशने हळू घासत राहा. रोज थोडं कमी व्हायला हवं. दोन आठवड्यांत थांबलं नाही तर मला दाखवा.’ आता दुसऱ्या दिवशी रक्त दिसलं तरी त्यांना ते अपेक्षितच असतं.

आणि आरसा द्या हातात. मोठा हातआरसा, आपला तो नाणंभर तोंडातला नव्हे. दातावरचा थर रंगवणारं औषध लावा आणि काही न बोलता त्यांना बघू द्या. परवा एका मुलीच्या खालच्या पुढच्या दातांवर, हिरडीला अगदी लागून, गुलाबी रेघ उमटली. दाताचा मधला भाग लख्ख होता. ती म्हणाली, ‘मी इथे पोचतच नाही.’ मी पाच वर्षांत जे सांगू शकले नव्हते ते तिने एका वाक्यात सांगितलं. मग ब्रश तिच्याच हातात दिला. ‘45 अंशांचा कोन’ वगैरे मी बोलत नाही. ब्रशचे निम्मे केस हिरडीवर, निम्मे दातावर, आणि जागच्या जागी हळूच थरथर. रेघ जाईपर्यंत तिनेच घासलं. लहान मुलांच्या आईबापांनाही पेस्ट किती ते ब्रशवर काढून दाखवते: तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर सहापर्यंत वाटाण्याएवढी. ‘थोडीशी’ म्हटलं की प्रत्येकाची थोडीशी वेगळी निघते.

छापील कागद ठेवा, पण त्यावर भरवसा ठेवू नका. अक्षर मोठं हवं, एका बाजूला मावेल इतकंच हवं. सगळ्यात वर, चौकटीत, तातडीने कधी यायचं ते: गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, तोंड उघडेनासं होणं, ताप, दाबूनही न थांबणारं रक्त. ‘सूज आली तर या’ एवढंच लिहिलं तर साध्या सुजेनेही माणूस घाबरतो, कारण दाढ काढल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असतेच. आणि कुणी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल तर त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, हे दाढ काढायच्या तारखेच्या कितीतरी आधी तोंडी सांगा.

वीस मिनिटांचं म्हणाल, तर माझा अनुभव असा की परत विचारून घ्यायला एक-दोन मिनिटं लागतात, शिकत असताना जरा जास्त. सुरुवातीला दिवसातल्या पहिल्या दोनच रुग्णांना विचारा. थकलेल्या संध्याकाळी ही सवय लागत नाही. मदतनीस बाईंनाही शिकवा. रुग्ण त्यांना जे विचारतात ते आपल्याला विचारत नाहीत.

शुक्रवारी ते गृहस्थ येतील तेव्हा आधी म्हणा, ‘त्या दिवशी तुमच्या तोंडात कापूस होता आणि मी एका दमात सहा गोष्टी सांगितल्या. ते माझं चुकलं.’ मुलगा बरोबर असेल तर त्यालाही ऐकू द्या. मग खड्डा कसा भरत येतो ते समजावा आणि घरी काय करणार ते त्यांना सांगायला लावा. शेवटी तुमचा तो छापील कागद त्यांच्यापुढे ठेवा, पेन द्या, आणि विचारा, ‘हे तुम्ही लिहिलं असतं तर कसं लिहिलं असतं?’ हिशेबनीस आहेत, कुठल्या ओळी खोडायच्या ते त्यांना बरोबर दिसेल. ते जे शब्द वापरतील तेच ठेवा, आपले परत घालू नका. नवा कागद तयार झाला की एक प्रत मलाही पाठवा. माझ्याकडचा कागदही जुना झालाय.

तुमची,
डॉक्टर ताई